साक्षीदार, संशय आणि आकाशातला दगड

सन २००१ च्या सप्टेंबर महिन्यात, १० तारखेला सोमवारी, व्हॅटिकन नगरात एक आगळी परिषद सुरू झाली. जगभरातील अशनी-संशोधकांची मीटिऑरिटिकल सोसायटी या नावाची जी संस्था आहे, तिचे ते ६४ वे वार्षिक अधिवेशन होते. रात्रीच्या आकाशात क्षणभर चमकून विझते तिला आपण उल्का म्हणतो. तिच्यातला जो अंश जळून न जाता जमिनीवर येऊन पडतो, तो अशनी. अशा दगडांचे वजन, घडण, वय आणि उगम यांचा अभ्यास करणारी माणसे देशोदेशींहून त्या दिवशी ख्रिस्तसभेच्या अंगणात जमली होती.

ख्रिस्तसभा आणि विज्ञान हे दोन शब्द एकत्र उच्चारले की गॅलिलिओचे नाव ओठांवर येते, आणि तो इतिहास झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु अशनींच्या शास्त्राची कथा निराळी आहे. या कथेत संशय घेणारे बहुधा विद्वान होते, आणि "आम्ही पाहिले" असे सांगणारे शेतकरी, गुराखी, मुले आणि क्वचित खेड्यातले धर्मगुरू होते. साक्षीदार आणि संशयी यांची गाठ कशी पडली, आणि एका दालनात बसून एकमेकांचे ऐकून घेण्याची रीत कशी रूढ झाली, याचा मागोवा आम्ही या लेखात घेणार आहोत. वाचकांनी थोडा धीर धरून आमच्याबरोबर पाच शतके मागे यावे, ही विनंती.

चर्चमध्ये टांगलेला दगड

७ नोव्हेंबर १४९२. कोलंबस नव्या जगाच्या बेटांतून फिरत होता, त्याच दिवसांतली ही गोष्ट. आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सास प्रांतातील एन्सिसहाइम या नगराजवळ दुपारच्या आधी प्रचंड कडकडाट झाला आणि गावाबाहेरच्या गव्हाच्या शेतात एक दगड येऊन पडला. तो पडताना एका मुलाने पाहिला. लोक धावले. खड्ड्यातून दगड वर काढण्यात आला तेव्हा त्याचे वजन सुमारे १२७ किलो भरले. जो तो त्याचा तुकडा फोडून नेऊ लागला, तेव्हा अधिकाऱ्यांनी ती लूट थांबवली. त्याच महिन्यात राजा माक्सिमिलियान त्या वाटेने आला. त्याने हा ईश्वरी कृपेचा संकेत मानला आणि दगड चर्चमध्ये जतन करून ठेवण्याची आज्ञा केली.

राजाने त्या दगडाचा अर्थ आपल्या सोयीने लावला, हे उघड आहे. फ्रान्सशी त्याचे वैर होते आणि आकाश आपल्या बाजूचे आहे असे त्याला हवे होते. पण त्या आज्ञेमुळे दगड वाचला. शतकानुशतके तो चर्चमध्ये राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो काही वर्षे कोल्मार नगरात नेण्यात आला आणि पुन्हा गावी परतला. आज एन्सिसहाइमच्या संग्रहालयात त्याचा सुमारे ५६ किलोचा भाग पाहायला मिळतो. उरलेला भाग तुकड्या-तुकड्यांनी जगभर पसरला. अर्थ चुकला तरी वस्तू जपली गेली, आणि जपली गेली म्हणूनच पुढच्या पिढ्यांना योग्य अर्थ शोधता आला. देवळातल्या अडगळीच्या खोल्या आवरताना आम्हाला ही गोष्ट नेहमी आठवते.

विद्वानांचा नकार

यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १७६६ च्या जुलै महिन्यात, इटलीतील मोदेना नगराजवळच्या अल्बारेतो येथे असाच एक दगड पडला. दोमेनिको त्रोइली नावाच्या येशूसंघीय फादरांनी तो पडताना पाहणाऱ्यांना गाठले, त्यांचे म्हणणे टिपून घेतले आणि त्याच वर्षी त्याचा वृत्तान्त छापला. दगड भूगर्भातील जोराने वर उडाला असावा आणि मग खाली पडला असावा, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकला, परंतु निरीक्षण अचूक होते. त्या दगडात पितळेसारखे चकाकणारे कण आहेत, हे त्यांनी नोंदवून ठेवले. लोह आणि गंधक यांच्या त्या खनिजाला १८६३ मध्ये त्यांच्याच नावावरून त्रोइलाइट असे नाव मिळाले. पुढे चंद्रावरून आणलेल्या दगडांतही ते आढळले.

दोनच वर्षांनी, १३ सप्टेंबर १७६८ रोजी, फ्रान्समधील ल्यूसे गावाजवळ शेतात काम करणाऱ्या लोकांनी गडगडाट ऐकला आणि एक दगड पडताना पाहिला. जवळ जाऊन हात लावला तर तो कढत होता. बाशले नावाच्या धर्मगुरूंनी त्याचा तुकडा पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवला. अकादमीने तिघांची समिती नेमली. तीत पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून गाजलेला लाव्हाझिए हा तरुण होता. समितीने दगडाचे रासायनिक परीक्षण केले आणि निष्कर्ष काढला, की हा दगड आकाशातून पडलेला नाही. जमिनीतलाच हा दगड असून त्यावर वीज पडली असावी.

लाव्हाझिएला हसणे आज सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्या काळी ग्रहांमधली पोकळी रिकामी मानली जात होती. रिकाम्या जागेतून दगड कोठून येणार? शिवाय लोक अनेक अद्भुत गोष्टी सांगत असत, आणि शहाण्या माणसाने त्यांतल्या बऱ्याच नाकाराव्यात हेच योग्य होते. समितीचा दोष एवढाच, की तिने दगडाची तपासणी मनापासून केली आणि माणसांची साक्ष हलक्या हाताने बाजूला सारली.

आमची एक चूक

येथे आम्हाला एक कबुली द्यावीशी वाटते. गुरुदीक्षा होऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका मिशन केंद्रात आमची नेमणूक होती. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून आमच्याकडे आला. रात्री राखणीला असताना आभाळात मोठा उजेड झाला, मागून मेघ गडगडावा तसा आवाज आला, आणि सकाळी बांधाजवळ हा दगड दिसला, असे त्याचे म्हणणे होते. "फादर, तुम्ही शिकले-सवरलेले. बघा जरा, कशाचा धोंडा हाय ह्यो," असे म्हणून त्याने मुठीएवढा काळा दगड आमच्या हाती ठेवला.

आम्ही तो उलटापालटा करून पाहिला आणि हसलो. "आजोबा, या मुलखात काळ्या दगडाला काय तोटा?" असे म्हणालो. भोवती उभी असलेली माणसेही हसली. म्हातारा काही बोलला नाही. दगड घेऊन तो निघून गेला. पुढे एका मेजवानीच्या प्रसंगी त्याच्या नातवाने सहज सांगितले, की आजोबांनी तो दगड विहिरीच्या कठड्याच्या बांधकामात टाकून दिला आणि मग त्याचे नाव काढले नाही. त्यानंतर वर्षभरात आजोबा देवाघरी गेले.

तो दगड बहुधा दख्खनचा साधा काळा पाषाणच असेल. लाव्हाझिएप्रमाणे आमच्याही संशयाला आधार होता. तथापि आम्ही दगडाकडे पाहिले तेवढेही त्या माणसाकडे पाहिले नाही. उजेड कोणत्या दिशेला होता, आवाज किती वेळाने आला, दगडाखालची माती कशी होती, यातले काहीच आम्ही विचारले नाही. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या तासाला साक्ष हे ज्ञानाचे एक साधन आहे असे आम्ही घोकले होते. पहिल्या पुनरुत्थानाच्या सकाळी कबरीवरून धावत आलेल्या स्त्रियांचे सांगणे प्रेषितांना पोकळ बडबड वाटली होती, यावर आम्ही प्रवचनेही दिली होती. आणि तरीही प्रसंग आला तेव्हा आम्ही हसलो.

साक्षीचे मोल

ज्याने ही चूक दुरुस्त करण्यास आरंभ केला तो माणूस कायद्याचा अभ्यासक होता, ही बाब मोठी बोलकी आहे. एर्न्स्ट क्लाद्नी हा जर्मन विद्वान नादशास्त्रासाठी प्रसिद्ध होता, पण त्याचे विद्यापीठीय शिक्षण कायद्याचे होते. १७९४ मध्ये त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या शतकांतील वृत्तान्त त्याने न्यायालयातील जबान्यांप्रमाणे एकमेकांशेजारी ठेवून तपासले. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे अग्निगोल, गडगडाट आणि काळी साल असलेला दगड अशी एकच हकीकत सांगत असतील, तर ती सगळी खोटी कशी म्हणावी, असा त्याचा प्रश्न होता. हे दगड पृथ्वीबाहेरून येतात, असे त्याने निर्भयपणे लिहिले. त्याच वर्षी १६ जूनला इटलीतील सिएना येथे दगडांचा वर्षाव झाला आणि आंब्रोजो सोल्दानी या मठवासी धर्मगुरूंनी साक्षी गोळा करून त्याचा ग्रंथ लिहिला.

यानंतरचा दुवा आपल्या देशातला आहे. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री बनारसजवळ अशनींचा वर्षाव झाला. तेथील दगड लंडनला पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बनारस, सिएना, इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज आणि बोहेमिया येथे पडलेल्या दगडांचे पृथक्करण करून १८०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. या चारही ठिकाणच्या दगडांची घडण एकमेकांशी जुळत होती, आणि त्या सर्वांत निकेल हा धातू होता. हजारो मैलांच्या अंतरावर पडलेले दगड भावंडांसारखे सारखे निघाले. बनारसच्या गावकऱ्यांची साक्ष इटलीच्या गावकऱ्यांच्या साक्षीला अशी पूरक ठरली.

शेवटचा निकाल फ्रान्समध्येच लागला. २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेग्ल या गावाच्या परिसरात दोन-तीन हजार दगड पडले. शासनाने झाँ-बातिस्त बियो या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञाला चौकशीसाठी पाठवले. बियो गावोगाव हिंडला. दगड कोठे पडले याची त्याने नोंद केली, आणि ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना प्रश्न विचारले. सुशिक्षित आणि अडाणी, स्त्रिया आणि मुले, धर्मगुरू आणि मजूर, सर्वांचे त्याने सारख्याच गांभीर्याने ऐकले. वस्तूचा पुरावा आणि माणसांचा पुरावा असे दोन विभाग करून त्याने आपला वृत्तान्त जुलै १८०३ मध्ये सादर केला. त्यानंतर आकाशातून दगड पडतात या गोष्टीवर शंका घेणारे फारसे उरले नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी ल्यूसेच्या शेतकऱ्यांना जे मिळाले नाही, ते लेग्लच्या शेतकऱ्यांना मिळाले.

परिषद कशी आकारास येते

एकट्या बियोने पायपीट करून जे साधले, ते पुढे संस्थेने साधायचे होते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हार्वी नायनिंजर नावाचे जीवशास्त्राचे एक शिक्षक होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांनी एक झगझगीत अग्निगोल पाहिला आणि त्यांचे आयुष्यच बदलले. ते शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जात, शाळांतून व्याख्याने देत, अशनी ओळखावा कसा हे लोकांना शिकवत आणि सापडलेल्या दगडाचे पैसे मोजत. नांगराला अडलेले, दार उघडे राहावे म्हणून टेकू लावलेले असे कितीतरी दगड त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेडरिक लेनर्ड यांनी पुढाकार घेऊन ऑगस्ट १९३३ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मोजक्या अभ्यासकांची सभा भरवली. आजची मीटिऑरिटिकल सोसायटी तेथे जन्मली. तिला हे नाव १९४६ मध्ये मिळाले.

तिची वार्षिक अधिवेशने आता जगभर फिरतात. १९९९ मध्ये जोहान्सबर्ग, २००४ मध्ये रिओ दी जानेरो, २०१४ मध्ये कासाब्लांका, २०१९ मध्ये साप्पोरो अशी ती भरली. असे अधिवेशन आकारास येते कसे? यजमान संस्थेने काही वर्षे आधी आमंत्रण द्यावे, सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने ते विचारपूर्वक स्वीकारावे, आणि मग स्थानिक समितीने सभागृह, निवास, भोजन, प्रवास, परवाने यांच्या मागे लागावे. ज्यांनी कधी धर्मग्रामाचा सण किंवा धर्मप्रांताचा मेळावा उभा केला आहे, त्यांना या कामाची कल्पना करून देण्याची गरज नाही. पाणी पुरेल का, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल का, ही चिंता सर्वत्र सारखीच.

परंतु खरे काम कार्यक्रम समितीचे असते. प्रत्येक संशोधकाने आपल्या निबंधाचा गोषवारा काही महिने आधी पाठवायचा. समिती तो वाचते आणि त्याची जागा ठरवते. मंगळ, चंद्र, लघुग्रह, सूर्यमालेहून जुने धूलिकण, विवरे अशा विषयांच्या बैठका आखल्या जातात. एकाच वेळी दोन दालनांत बैठका असतील तर ज्याला दोन्हींत रस आहे तो कोणाचे ऐकणार, हा पेच सोडवावा लागतो. नामवंत प्राध्यापकाला आणि नवख्या विद्यार्थ्याला बोलण्यासाठी सारखीच मोजकी मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की अध्यक्ष दोघांनाही थांबवतो. ज्यांना व्यासपीठ मिळत नाही ते भित्तिफलकांपाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले म्हणणे सांगतात. दूरच्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी प्रवासखर्चाची तजवीज करावी लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी? आमच्या मते, साक्ष ऐकून घेण्याची ही एक शिस्तबद्ध व्यवस्था आहे. ल्यूसेच्या वेळी अकादमीने शेतकऱ्यांना बोलावले नव्हते. आज एखाद्या लहान विद्यापीठातील मुलगी आपले मोजमाप घेऊन उभी राहते आणि ज्यांचे ग्रंथ वाचून ती शिकली त्यांना तिचे ऐकावे लागते. ते तिला अडचणीचे प्रश्न विचारतात, हेही त्या ऐकण्याचेच अंग. थोमाने जखमांना हात लावू देण्याची मागणी केली, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. त्याने आपले हात पुढे केले. प्रामाणिक संशय आणि उपहास यांत हाच भेद आहे. प्रामाणिक संशय जवळ येतो, प्रश्न विचारतो, स्पर्श करू पाहतो. उपहास जागचा हलत नाही.

अशा ऐकण्यातून किती दूरवर जाता येते याचा एक दाखला द्यायला हवा. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. तो इतर अशनींहून निराळा होता. १८७२ मध्ये त्यात एक विलक्षण काच सापडली. प्रचंड आघाताने खनिजाची अशी काच होते, हे पुढे कळून आले. मास्केलिनाइट हे तिचे नाव. शंभराहून अधिक वर्षे हे कोडे अभ्यासक एकमेकांपुढे मांडत राहिले. १९८३ मध्ये त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीत कोंडलेल्या वायूंचे मोजमाप प्रसिद्ध झाले. व्हायकिंग यानांनी मंगळाच्या वातावरणात मोजलेल्या वायूंशी ते जुळले. शेरघाटीच्या शेतात पडलेला दगड मंगळाचा तुकडा ठरला! आणि तीच मास्केलिनाइट काच १९७३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरातही आढळल्याचे जाहीर झाले. हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे नसून आकाशातून आलेल्या आघाताचे आहे, हे त्यामुळे पक्के झाले.

रोममधील तो मंगळवार

आता आपण व्हॅटिकनला परत येऊ. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली. ख्रिस्तसभा खऱ्या विज्ञानाची वैरीण नाही, हे कृतीने दाखवावे असा त्यांचा हेतू होता. १९०७ मध्ये मार्की द मोरुआ या फ्रेंच सरदाराने आपल्या अशनी-संग्रहातील दगड वेधशाळेला भेट दिले, आणि १९३५ मध्ये त्यांच्या विधवेने उरलेल्यांची भर घातली. वेधशाळा त्याच वर्षी रोमबाहेरच्या कास्तेल गांदोल्फो येथे हलली. सुमारे ५०० ठिकाणच्या अशनींचे ११०० हून अधिक तुकडे आज त्या संग्रहात आहेत.

१९९३ मध्ये येशूसंघीय ब्रदर गाय कॉन्सोलमॅग्नो वेधशाळेत रुजू झाले आणि संग्रहाचे पालक झाले. दगड न फोडता त्यांची घनता कशी मोजावी, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. पाण्यात बुडवला तर दगड खराब होतो, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अतिसूक्ष्म काचमण्यांत दगड बुडवून त्याचे आकारमान मोजले. आर्किमिडीजचीच युक्ती, फक्त पाण्याच्या जागी काचमणी. त्यातून अशनी किती सच्छिद्र आहेत हे कळले. अनेक लघुग्रहांची घनता त्याहूनही कमी भरते, त्यामुळे ते अखंड खडक नसून दगडांचे सैल ढीग असावेत या विचाराला बळ मिळाले. जपून ठेवलेल्या वस्तूचा सन्मान कसा करावा याचा हा नमुना आहे.

अशा घरी २००१ चे अधिवेशन भरले. १० ते १४ सप्टेंबर असा पाच दिवसांचा कार्यक्रम होता. दुसरा दिवस मंगळवार, ११ सप्टेंबर. रोममध्ये दुपारचे पावणेतीन वाजत होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहिले विमान मनोऱ्यावर आदळले.

क्षणभर त्या सभेची कल्पना करा. आकाशातून काय पडते, किती वेगाने पडते आणि आदळल्यावर काय होते, याचा हिशेब मांडण्यात ज्यांनी हयात घालवली अशी ही माणसे. त्या दिवशी आकाशातून जे कोसळले ते निसर्गाने पाठवलेले नव्हते. माणसाच्या द्वेषाने ते पाठवले होते. या शास्त्राचे पुष्कळ अभ्यासक अमेरिकेतले. त्यांच्या देशाचे आकाश दोन दिवस प्रवासी विमानांना बंद राहिले, म्हणजे घरी परतण्याची वाटही उरली नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, संत पेत्राच्या चौकात परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी नेहमीची भेटसभा मृतांसाठी आणि शोकाकुलांसाठी प्रार्थनेत अर्पण केली.

कोणत्याही संयोजन समितीच्या वेळापत्रकात असल्या दिवसासाठी रकाना नसतो. समितीच्या हाती असते ते इतकेच, की दालन उघडे असावे, दिवे लागलेले असावेत आणि परदेशी पाहुण्याला आपण परका आहोत असे वाटू नये. निरनिराळ्या देशांची, धर्मांची आणि धर्म न मानणारीही माणसे एका छपराखाली बसून एका दगडाविषयी शांतपणे वाद घालू शकतात, हे त्या आठवड्यात किरकोळ सत्य नव्हते. त्या अधिवेशनातील गोषवारे सोसायटीच्या नियतकालिकाच्या ३६ व्या खंडाच्या पुरवणीत छापले गेले. ती पाने चाळताना त्यांत मंगळ, चंद्र आणि धूलिकण दिसतील. त्या मंगळवारचे नाव दिसणार नाही. पण तो दिवस ठाऊक असणाऱ्याला ती पाने वेगळीच वाटतील.

पुढे २०२० मध्ये महामारीने दुसरा घाला घातला. ग्लासगोचे ठरलेले अधिवेशन पुढे ढकलावे लागले. २०२१ मध्ये शिकागोला काही जण प्रत्यक्ष आणि काही जण दुरून पडद्यावर असे एकत्र आले, आणि ग्लासगोची पाळी २०२२ मध्ये आली. ऐकण्याची परंपरा खंडित होऊ नये म्हणून माणसे किती धडपडतात!

आपल्या अंगणात

ही कथा परदेशाची आहे असे वाचकांनी समजू नये. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेले येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांची परमगुरुस्वामी चौदावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रदर कॉन्सोलमॅग्नो यांच्याकडून त्यांनी सूत्रे स्वीकारली. त्यांचा विषय दीर्घिकांचा, म्हणजे अशनींहून कितीतरी दूरचा. पण ज्या घरात मोरुआंचे दगड जपून ठेवले आहेत, त्या घराची जबाबदारी आता आपल्या किनाऱ्यावरच्या एका सुपुत्राकडे आली आहे. आपल्या घरांतील किती मुलामुलींना आपण सांगतो, की रात्री आकाशाकडे पाहणे आणि त्याचे गणित मांडणे हीसुद्धा देवाची हाक असू शकते?

लोणारच्या काठी जगभरातील अशनी-संशोधक जमावेत, मराठी विद्यार्थ्यांनी त्यांच्यापुढे आपले निबंध वाचावेत, अशी इच्छा आम्ही मनात बाळगून आहोत. त्यासाठी सभागृह लागेल, निधी लागेल, समित्या लागतील. पण त्याआधी आपल्या गावागावांत, शाळांत आणि चर्चच्या आवारात ऐकणारी माणसे लागतील. नांगराच्या फाळाला काही निराळे लागले तर ते घेऊन कोणाकडे जावे, हे शेतकऱ्याला ठाऊक असायला हवे. आणि ज्याच्याकडे तो जाईल त्याने हसू नये.

अलीकडे एका अंत्यविधीच्या निमित्ताने आमचे त्या जुन्या मिशन केंद्रात जाणे झाले. विधी आटोपल्यावर आम्ही आजोबांच्या मळ्यात गेलो. विहिरीच्या कठड्याला आता सिमेंटचा गिलावा केलेला आहे. आत कोणता दगड कोठे आहे हे सांगता येत नाही. नातू बरोबर होता. आजोबा त्या रात्री कोठे बसले होते, उजेड कोणत्या बाजूला दिसला असे काही म्हणाले होते का, हे आम्ही त्याला विचारले. त्याने थोडा वेळ आठवून पाहिले आणि मळ्याच्या ईशान्येकडच्या टेकडीकडे हात केला. आम्ही खिशातली वही काढली आणि तो सांगत होता ते लिहून घेतले.